एकच सॅम्पलर घ्यायचा तर: वरातीसाठी की घरच्या ट्रॅकसाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देसाईगंज-वडसा भागात लग्न, हळद आणि जयंतीच्या मिरवणुकीत डीजे वाजवता. जवळ लॅपटॉप आणि डीडीजे-एफएलएक्स४ हा दोन चॅनेलचा कंट्रोलर आहे. हंगाम संपला की पावसाळ्यात घरी बसून स्वतःचे रिमिक्स आणि धुमालचे (विदर्भातल्या मिरवणुकीतल्या वादनाचे) ठेके तयार करायचे आहेत. पैसे एकाच सॅम्पलरपुरते आहेत (सॅम्पलर म्हणजे नोंदवलेले आवाज, म्हणजेच सॅम्पल, पॅड दाबून वाजवायचं यंत्र). रोलँडचा एसपी-४०४ एमके२, अकाईचा एमपीसी वन प्लस आणि रोलँडचाच एसपीडी-एसएक्स, यांतला कोणता घ्यावा?

भाऊ, उत्तर आधी सांगतो. दोन्ही कामं एकाच डब्यावर करायची असतील तर एसपी-४०४ एमके२ घ्या. हातात काठ्या घेऊन धुमालच्या पॅडवाल्यासारखं वाजवायचं असेल तर एसपीडी-एसएक्स घ्या. वेळेचा मोठा भाग घरी ट्रॅक बांधण्यात जाणार असेल तर एमपीसी. आणि हॉर्न, सायरन, मंडळाच्या नावाची घोषणा, "नवरदेव आला रे"सारखा एखादा आवाज एवढंच सोडायचं असेल तर काहीच घेऊ नका. एफएलएक्स४ च्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पॅड आहेत. सॉफ्टवेअरच्या सॅम्पलर मोडमध्ये हे सगळं आजच चालतं. त्या पैशांतून चांगल्या वायरी, एक यूपीएस आणि एक बरा माईक येईल. वरातीत त्यांचा उपयोग सॅम्पलरपेक्षा जास्त होईल.

आता कारणं. डीजेचा सॅम्पलर आणि ट्रॅक बांधायचा सॅम्पलर यांच्यात दोघांनाही पॅड असतात, बाकी कामाची जात वेगळी आहे. वरातीत आवाज घरूनच कापून, समान पातळीवर आणून नेलेला असतो. तिथे तो दाबल्याक्षणी वाजला पाहिजे, लाईन गेली-आली तरी यंत्र लगेच उभं राहिलं पाहिजे आणि अंधारात बोट चुकीच्या पॅडवर जायला नको. घरी उलट. आवाज कापायचा, ताणायचा, सूर बदलायचा, एकावर एक थर द्यायचे, तीन मिनिटांची रचना करायची. तिथे मोठा पडदा आणि जास्त मेमरी लागते. सुरू व्हायला थोडा वेळ लागला तरी काही बिघडत नाही.

विकत घेण्याआधी सर्वांत पहिला प्रश्न मेमरीचा नाही, वायरीचा आहे. एफएलएक्स४ ला माईकचं इनपुट आहे, सॅम्पलर जोडण्यासाठी लाईन इनपुट नाही. पुष्कळ जण सॅम्पलर माईकच्या भोकात घालतात. माईकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि सॅम्पलरचा लाईन सिग्नल त्याच्या शेकडो पट. गेन अगदी कमी केला तरी आवाज फाटतो, शिवाय एकाच बाजूचा येतो. योग्य रचना अशी: कंट्रोलरचे दोन आरसीए आउटपुट (लाल-पांढऱ्या पिनांचे) साउंडवाल्याच्या मिक्सरच्या एका स्टिरिओ चॅनेलला आणि सॅम्पलरच्या डाव्या-उजव्या बाजू दुसऱ्या स्टिरिओ चॅनेलला. मिक्सरला स्टिरिओ चॅनेल नसेल तर दोन मोनो चॅनेल घ्या आणि पॅन एक डावीकडे, एक उजवीकडे करा.

या रचनेचे दोन परिणाम लक्षात ठेवा. कंट्रोलरच्या हेडफोनमध्ये सॅम्पलर ऐकू येणार नाही, त्यासाठी सॅम्पलरचा स्वतःचा हेडफोन वापरावा लागेल. आणि कंट्रोलरवर फिल्टर फिरवला तर तो सॅम्पलरला लागणार नाही. गाणं बारीक होतं आणि सॅम्पल तसाच ठणठणत राहतो. म्हणून सॅम्पलरमध्ये स्वतःचा फिल्टर एका खुंटीवर असणं डीजेसाठी गरजेचं आहे. एसपी-४०४ एमके२ मध्ये तो आहे, सोबत डीजेएफएक्स लूपर (चालू आवाजाचा छोटा तुकडा फिरवत ठेवणारा) आणि आयसोलेटर (जाड, मधला, बारीक आवाज वेगवेगळा कमी-जास्त करणारा) हेही आहेत. डीजेंमध्ये हा डबा एवढा चालतो त्याचं हे मोठं कारण आहे.

वायरीतली एक चूक खूप वेळा होते आणि सापडता सापडत नाही. सॅम्पलरच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ मिमी स्टिरिओ पिन काढतात आणि दुसऱ्या टोकाला मोठी पी-३८ (६.३५ मिमी) स्टिरिओ पिन लावून मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो इनपुटात घालतात. मिक्सर त्या पिनच्या दोन टोकांमधला फरक घेतो, म्हणजे डावं वजा उजवं. जे दोन्ही बाजूंना सारखं आहे, म्हणजे किक, बेस आणि गायकाचा आवाज, ते गायब होतं. उरतो फक्त पोकळ, पातळ रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. मग सॅम्पलर बिघडला असं वाटतं. तो बिघडलेला नसतो. मुख्य आउटपुटातून दोन मोनो पिना काढा. नाइलाजाने हेडफोनचंच भोक वापरायचं असेल तर एका स्टिरिओ पिनमधून दोन मोनो पिना निघणारी वाय वायर घ्या.

गावाकडच्या बहुतेक सिस्टिम मोनोवर चालतात, हेही यातच आलं. हेडफोनमध्ये रुंद वाटणारा सिंथचा आवाज दोन बाजू एक केल्यावर अर्धा होऊ शकतो. प्रत्येक सॅम्पल घरीच मोनो करून ऐका. पातळ झाला तर फक्त डावी बाजू ठेवून मोनो फाइल करा. जागाही निम्मी लागते: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ वेव्हला मिनिटाला सुमारे १० एमबी, मोनोला ५.

आता तालाचं. हा भाग नीट समजून घ्या, कारण डीजे आणि सॅम्पलरची सांगड इथेच तुटते. सॅम्पलरवर १२८ बीपीएमचा (मिनिटाला १२८ मात्रांचा) लूप, म्हणजे फिरत राहणारा तुकडा आहे आणि कंट्रोलरच्या डेकवर १२८.४ चं गाणं. मिनिटभरात गाणं ०.४ मात्रा पुढे जातं, म्हणजे १८७ मिलिसेकंद. नाचणाऱ्याचा पाय अडखळतो आणि दोन किक वेगवेगळ्या ऐकू येतात. पण १२८ ला चार बार, म्हणजे १६ मात्रा, साडेसात सेकंदांत होतात आणि तेवढ्यात फरक पडतो फक्त २३ मिलिसेकंदांचा. कान तो सहन करतो. म्हणून मोठा लूप सुरू करून सोडून देऊ नका. एक किंवा दोन बारचा लूप ठेवा आणि दर चार बारांनी समेवर पॅड पुन्हा दाबा. प्रत्येक दाबण्याला चूक शून्यावर येते. यात कुठलीही केबल नाही, सेटिंग नाही, आणि हे कधी बंद पडत नाही.

मिडी क्लॉकने, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला पाठवलेल्या तालाच्या इशाऱ्याने, सिंक करता येतं, पण क्लॉक पाठवणारं कोणी तरी हवं. ट्रॅक्टर प्रो हे डीजे सॉफ्टवेअर मिडी क्लॉक पाठवतं, सगळी डीजे सॉफ्टवेअरं तसं करत नाहीत. तुमचं सॉफ्टवेअर काय देतं ते सॅम्पलर घेण्याआधी तपासा. क्लॉक मिळाला तरी तो बीटग्रिडवर (सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या मात्रांच्या खुणांवर) चालतो, आणि ग्रिड चुकीची असेल तर क्लॉकही चुकीचा. जुनी गाणी, खंजिरीची भजनं, दंडारीची ध्वनिमुद्रणं माणसांनी हाताने वाजवलेली आहेत. त्यांचा ठेका कडव्याकडव्याला सरकतो आणि त्यांवर सरळ ग्रिड बसत नाही. सहा मात्रांच्या ठेक्यात सॉफ्टवेअर आणखी गोंधळतं, ९६ च्या जागी १४४ दाखवतं. अशा गाण्यांवर लूप लावूच नका, एकेक ठोका हाताने वाजवा.

लूप एमपी३ मध्ये ठेवू नका. एमपी३ बनवताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता घुसते, साधारण २५ मिलिसेकंद किंवा जास्त. गाणं ऐकताना ती कळत नाही. लूपमध्ये मात्र प्रत्येक फेरीला तेवढं लंगडणं ऐकू येतं आणि पॅड उशिरा वाजल्यासारखा वाटतो. वेव्ह फाइल करा, सुरुवात पहिल्या ठोक्याच्या अगदी तोंडाशी कापा, शेवटी ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड द्या म्हणजे टक् असा आवाज येणार नाही. १२० बीपीएमचा एक बार बरोबर २ सेकंदांचा असतो. तुमची फाइल २.०३ निघाली तर कुठेतरी चूक आहे.

पातळीचंही सांगतो. सगळे सॅम्पल एका गाण्याशेजारी वाजवून कानाने जुळवा. फक्त नॉर्मलाइझ करून (सगळ्यांची शिखरं सारखी करून) भागत नाही: सायरनचं शिखर आणि किकचं शिखर सारखं केलं तरी सायरन दुप्पट मोठा वाटतो आणि साउंडवाला मग तुमचं चॅनेलच खाली ओढतो. पुढे किकसुद्धा ऐकू येत नाही.

एसपी-४०४ एमके२ मध्ये एका प्रोजेक्टात १० बँकांचे मिळून १६० पॅड बसतात. त्यातले वरातीसाठी ३२ पुरे. बँक ए मध्ये ठोके आणि घोषणा, बँक बी मध्ये लूप. बाकी रिकामं ठेवा. गेट बंद ठेवला तर पॅड एकदा दाबून सॅम्पल शेवटपर्यंत वाजतो. गेट चालू असेल तर बोट असेपर्यंतच. घोषणेला गेट बंद, सायरनला चालू, नाहीतर सायरन थांबवायला धावपळ होते. लूपना एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका, म्हणजे दुसरा दाबला की पहिला आपोआप थांबेल. या यंत्रात डीजे मोडही आहे. दोन सॅम्पल दोन डेकसारखे चालवता येतात, म्हणून लॅपटॉप बंद पडला तर मांडव रिकामा राहत नाही. दोन-तीन पूर्ण गाणी यात भरून ठेवाच.

स्किप-बॅक हे बटण घर आणि वरात दोन्हीकडे उपयोगी आहे. ते दाबलं की आधीचे २५ सेकंद सॅम्पल म्हणून हाती येतात. सहज वाजवताना जमून आलेला ठेका असा वाचतो. पण मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून सॅम्पलरमध्ये आवाज घेत असाल तर सावध राहा. त्या आउटमध्ये सॅम्पलरचा स्वतःचा आवाजही असतो. तो परत आत गेला की गोल फिरून किंचाळी उठते आणि टॉपचे (वरच्या स्पीकरचे) ड्रायव्हर उडू शकतात. नोंदताना मिक्सरवरचं सॅम्पलरचं चॅनेल खाली ठेवा, नोंद झाली की सॅम्पलरचं एक्स्टर्नल इनपुट बंद करा, मग चॅनेल वर घ्या. हाच क्रम, उलटा नाही.

एसपी कमी पडतो तो घरी. पडदा लहान आहे, एका पॅडवर एकच सॅम्पल बसतो, आणि पॅटर्न जोडून पूर्ण गाणं उभं करणं किचकट आहे. एमपीसी वन प्लसला ७ इंची टच पडदा, २ जीबी रॅम आणि १६ जीबी साठा आहे. आवाजाची लहर पडद्यावर बोटाने मोठी करून कापता येते, आणि एका पॅडवर ४ थर तरी देता येतात. स्थानिक वाद्यांसाठी हा थरांचा मुद्दा फार मोलाचा आहे.

डफड्याचं उदाहरण घ्या. हळू ठोका आणि जोरदार ठोका यांत फक्त आवाज लहान-मोठा होत नाही, स्वरच बदलतो. एकच जोरदार ठोका नोंदवून तो लहान आवाजात वाजवला की खोटा वाटतो, आणि सलग वाजवला तर बंदुकीसारखा टकटक करतो. म्हणून चार ताकदींचे ठोके, प्रत्येकी पाच वेळा, असे वीस नोंदवा. त्यातले उत्तम निवडा. माईक कातड्यापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, थोडा तिरका. शिखर उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मध्ये. खोली छोटी आणि टिनाची असेल तर अंगणात या, पहाटे या, म्हणजे मोटारपंप आणि मळणीयंत्र मध्ये येणार नाही.

डफडं शेकून घेतात. शेकलं की कातडं ताणतं आणि स्वर चढतो, दमट हवेत पुन्हा उतरू लागतो. नोंद शेकल्यावर लगेच, एका दमात करा. अर्ध्या तासाने उरलेले ठोके घेतले तर थरांचे स्वर जुळत नाहीत आणि दोष यंत्रात शोधत बसावं लागतं. पावसाळ्यात काम करणार असाल तर हे जास्तच पाळा. खंजिरीत वेगळी अडचण आहे: झांजांचा खुळखुळ लांबतो. तो कापू नका, शेपटी पूर्ण ठेवा आणि खुला ठोका व बंद ठोका एका म्यूट ग्रुपमध्ये घाला. बंद ठोका वाजला की खुल्याची शेपटी तिथेच थांबते, हाताने दाबल्यासारखी.

संदल, ढेमसा किंवा दंडारीतल्या वादकाकडून आवाज घेतलात तर तो कशासाठी घेतला हे त्याला सांगा, पैसे द्या आणि ट्रॅकवर त्याचं नाव टाका. आणि तयार गाण्याचा तुकडा कापण्याबद्दल: लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणं वाजवण्याला कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तोच तुकडा स्वतःच्या ट्रॅकमध्ये घालून प्रसिद्ध करायला ती सवलत लागू होत नाही. तिथे ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि गाण्याच्या रचनेचा हक्क असे दोन वेगळे हक्क येतात, आणि दोन्हींची परवानगी लागते. स्वतः नोंदवलेल्या वीस ठोक्यांना यातलं काही लागत नाही, म्हणून मेहनत तिकडे घाला.

एमपीसी वरातीत न्यायचाच असेल तर तो संगणकासारखा बूट होतो हे धरून चाला. लाईन गेली की परत उभं राहायला वेळ जातो, आणि नवीन प्रोजेक्ट उघडताना आवाज थांबतो. सगळी रात्र एकाच प्रोजेक्टात बसवा. अंगभूत बॅटरी हवी असेल तर एमपीसी लाइव्ह २ आहे, पण ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, गाडीच्या टपावर ती चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरीला त्या तापमानात चार्ज करणं घातक असतं.

एसपी-४०४ एमके२ यूएसबी-सीवर किंवा सहा पेन्सिल सेलवर चालतो. सेलवर काही तासच. पॉवर बँक उत्तम, एक अट पाळून: वाजवताना ती चार्जिंगला लावलेली नसावी. बऱ्याच पॉवर बँका लाईन गेली किंवा आली की क्षणभर आउटपुट तोडतात आणि सॅम्पलर तिथेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. यूएसबीची वीज लॅपटॉपमधून घेऊ नका, गुणगुण आणि किरकिर त्या वायरीने आत येते. तरीही ५० हर्ट्झचा हुंकार राहिला तर सॅम्पलर आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करणारा छोटा डबा) लावा आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ऑडिओ वायरीचं ग्राउंड तोडणारं, बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मोडून हुंकार घालवू नका. ओल्या मांडवात ती पिनच जीव वाचवते. लॅपटॉप, कंट्रोलर आणि सॅम्पलर मिळून ६०० व्हीएच्या यूपीएसवर सहज चालतात. अँप्लिफायर त्यावर कधीच लावायचा नाही.

एसपीडी-एसएक्सबद्दल. त्याचे ९ पॅड काठीचा मार खायला बनलेले आहेत. एसपी आणि एमपीसीचे पॅड बोटांसाठी आहेत, काठीने मारले तर सेन्सर जातो. जुना एसपीडी-२० किंवा एसपीडी-३० स्वस्तात मिळतोय म्हणून सॅम्पलर समजून घेऊ नका, त्यांत आतले आवाज असतात आणि स्वतःचे भरता येत नाहीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेसच्या शेजारी एसपीडी ठेवला की कंपनाने पॅड आपोआप वाजतात. आधी खाली जाड फोम घाला, मग त्या पॅडचा थ्रेशोल्ड (किती जोराने मारल्यावर वाजावं ती मर्यादा) थोडा थोडा वाढवा. एकदम खूप वाढवला तर हळू ठोके हरवतात. बाकी कात्री-कापणीचं काम यात जेमतेम होतं, ते लॅपटॉपवर करून आणावं.

इलेक्ट्रॉन कंपनीचा डिजिटाक्ट चांगला सिक्वेन्सर (ठेका मांडून आपोआप वाजवणारं यंत्र) आहे, पण पहिल्या आवृत्तीत सॅम्पल मोनो आणि प्रोजेक्टला ६४ एमबी, म्हणजे सुमारे ११ मिनिटं. ठेक्यांना पुरतं, गाण्यांना नाही. कॉर्ग व्होल्का सॅम्पल २ मध्ये माईक लावून थेट नोंदवता येत नाही, त्यामुळे तुमच्या कामाचा नाही.

जुनं यंत्र घेत असाल तर नागपूरला जाताना हेडफोन, एसडी कार्ड आणि स्वतःची फाइल सोबत न्या. प्रत्येक पॅड दहा वेळा हळू आणि दहा वेळा जोरात दाबा. एका दाबण्याला दोनदा वाजला किंवा हळू दाबल्यावर वाजलाच नाही तर रबराखालचा सेन्सर झिजलेला आहे. खुंट्या फिरवताना आकडा उलटा उडी मारत असेल तर आत धूळ किंवा गुलाल गेलाय. हेडफोनची पिन हलवून एक बाजू जाते का ते ऐका. अडॅप्टर मूळचाच मागा. एसपीडी-एसएक्सच्या ९ व्होल्ट अडॅप्टरमध्ये मधली पिन ऋण असते, बाजारातल्या बऱ्याच साध्या अडॅप्टरांत ती धन असते. व्होल्ट जुळतात म्हणून लावला आणि सर्किट गेलं, असं होतं.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी फर्मवेअर (यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, लग्नाच्या आदल्या रात्री नव्हे. एसपी घेतलात तर ३२ जीबीपर्यंतची दोन एसडी कार्डं घ्या आणि दोन्हींवर प्रोजेक्टचा बॅकअप ठेवा. एक डब्यात, दुसरं खिशात. एसपीमध्ये फाइल घ्यायच्या असतील तर कार्डावरच्या इम्पोर्ट फोल्डरमध्ये टाका. कार्डाचा दिवा लुकलुकत असताना ते काढू नका.